पायलटांना आकाशात नेमकं दिसतं काय? 'उडती तबकडी' म्हणण्याआधी हे वाचा

२ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे गोळे पाहिले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पडलं म्हणालं, तर कुणी थेट उडती तबकडी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ तर धातूची भली मोठी कडी येऊन पडली. पोलिसांपर्यंत खबर गेली, वस्तू जपून ठेवली, नंतर इस्रोचं पथक पाहून गेलं. चीनच्या रॉकेटचा भाग वातावरणात परत येताना जळाला असावा, असं तज्ज्ञांनी सांगितलं.

जमिनीवरचा माणूस फसू शकतो, हे कुणीही मान्य करील. पण ज्यांची रोजीरोटीच आकाशात आहे, त्या पायलटांना असं काही दिसलं तर?

समुद्रावरची पांढरी वस्तू

१४ नोव्हेंबर २००४. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यापासून दूर समुद्रात नौदलाचा सराव चालू होता. एका युद्धनौकेच्या रडारवर काही दिवसांपासून अनोळखी वस्तू दिसत होत्या. ते पाहायला दोन लढाऊ विमानं पाठवली. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांच्या सांगण्यानुसार खाली पाणी खळबळत होतं आणि त्यावर साधारण ४० फूट लांबीची, औषधाच्या लांबट गोळीसारखी पांढरी वस्तू फिरत होती. पंख नाहीत, खिडकी नाही, धूर नाही. ते जवळ जायला लागले, तशी ती क्षणात दिसेनाशी झाली. दोन्ही विमानांत मिळून चार जण होते. दुसऱ्या विमानाच्या पायलट अॅलेक्स डीट्रिच यांनीही ती वस्तू पाहिल्याचं सांगितलं आहे.

ती वस्तू काय होती, याचा पक्का उलगडा आजपर्यंत झालेला नाही.

पायलट गप्प का बसतात?

कारण साधं आहे. लोक हसतात. 'याला भास होतात' असं एकदा नाव पडलं, की नोकरीवर बेतू शकतं. म्हणून कित्येक जण पाहूनही बोलत नाहीत.

पण गप्प राहण्यात धोका आहे. नौदलाचे माजी पायलट रायन ग्रेव्हज यांनी जुलै २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर एक प्रसंग सांगितला. त्यांच्या तुकडीची दोन विमानं शेजारी शेजारी उडत असताना एक अनोळखी वस्तू दोघांच्या मधून गेली. अंतर होतं जेमतेम ५० फूट. ती वस्तू परग्रहावरची असो की साधा फुगा, धडकली असती तर पायलटचा जीव जाऊ शकला असता. खरा प्रश्न हा आहे.

डोळे आणि कॅमेरा कसे फसतात?

एसटीच्या खिडकीतून पाहा. जवळची बाभळ भर्रकन मागं पळते, लांबचा डोंगर मात्र सोबत चालल्यासारखा वाटतो. बाभळ काही पळत नसते, पळत असते एसटी. अमेरिकी लढाऊ विमानातून काढलेल्या एका गाजलेल्या व्हिडिओत एक ठिपका समुद्रावरून सुसाट जाताना दिसतो. नासाच्या अभ्यासगटाने हिशोब मांडला, तेव्हा तो ठिपका पाण्याजवळ नव्हताच, सुमारे १३ हजार फुटांवर होता. वेग निघाला ताशी साधारण ६५ किलोमीटर, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूएवढा.

शुक्राची चांदणी, हवामान खात्याचे फुगे, ड्रोन, सूर्यप्रकाशात चमकणारे स्टारलिंकचे उपग्रह, यांनीही पायलट चकतात. रात्री काळोखात दिवा किती लांब आहे, हे नुसत्या डोळ्याला कळतच नाही.

'अनोळखी' म्हणजे 'परग्रहावरचं' नव्हे

अमेरिकी सरकारच्या जून २०२१ च्या अहवालात अशा १४४ नोंदी तपासल्या गेल्या. त्यातल्या फक्त एकीचं उत्तर खात्रीने मिळालं. तो हवा निघत चाललेला मोठा फुगा होता. बाकीच्यांत बहुतेक ठिकाणी माहितीच अपुरी होती. नासाच्या अभ्यासगटानेही सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं की, या वस्तू परग्रहावरून आल्याचा पुरावा मिळालेला नाही, पण नोंदी नीट ठेवायला हव्यात आणि सांगणाऱ्याची टिंगल थांबायला हवी.

आपल्याकडेही १९ नोव्हेंबर २०२३ ला मणिपूरमध्ये इंफाळ विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसली आणि काही तास विमानं थांबवावी लागली. हवाई दलाने शोधाला राफेल पाठवली, पण हाती काही लागलं नाही.

तुम्हाला दिसलं तर?

वेळ आणि दिशा लगेच लिहून ठेवा. व्हिडिओ काढताना झाड, खांब किंवा घराचा कोपरा चौकटीत येऊ द्या, म्हणजे वस्तू खरंच हलते की मोबाइल हलतो ते कळतं. काही खाली पडलं तर हात लावू नका. पोरांना लांब ठेवा, पोलीस पाटलांना किंवा ठाण्याला कळवा. आणि आधी व्हॉट्सॲपवर 'एलियन आले' म्हणून पुढे ढकलू नका.

लाडबोरीला आकाशातून काय पडलं ते कळलं, कारण वस्तू जागेवर राहिली आणि खबर योग्य ठिकाणी पोचली. पायलटांची मागणीही तेवढीच आहे. सांगितलेलं कुणीतरी लिहून घ्यावं, हसण्यावारी नेऊ नये.