दहा इंची की तेरा इंची? पोरांच्या रेसकारच्या चाकाचा हिशोब

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजातल्या पोरांनी मिळून एका माणसाची छोटी रेसकार बनवायला घेतली. चाकाच्या रिमा दुसऱ्या कॉलेजच्या पोरांकडून जुन्या, स्वस्तात मिळाल्या. सगळ्यांनी घरून वर्गणी आणली आणि दहा इंची रिमा घेतल्या. ब्रेक बसवायला गेले तर कॅलिपर रिमेला आतून घासतंय, चाक फिरेना. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "भाऊ, चाक ते चाक, त्यात एवढं काय असतं?" त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितो. आपल्या तालुक्यातली बरीच पोरं आता या नादाला लागली आहेत, आणि पैसा शेवटी घरचाच जातो.

आधी ही शर्यत कशी असते ते बघा. तमिळनाडूत कोईमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. तिथं फॉर्म्युला भारत ही कॉलेजांची स्पर्धा भरते. पेट्रोल गाडीचं इंजिन ७१० सीसीपर्यंतच चालतं, म्हणून बहुतेक पोरं मोटारसायकलचं इंजिन वापरतात. ७५ मीटर सरळ पळवायची एक परीक्षा, आठाच्या आकड्यात गोल फिरवायची दुसरी, आणि सगळ्यात मोठी सुमारे २२ किलोमीटरची. यात सरळ रस्ता फारसा नसतोच, सगळी वळणंच वळणं. सरासरी वेग ताशी ५०-५५ किलोमीटरच्या आसपास धरलेला असतो. म्हणजे एवढ्या वेगाने तर आपली जीप बाजारला जाते. खरा कस लागतो वळणात आणि वळणातून उठताना. चाक निवडायचं ते यासाठी.

या गाड्यांना दोन मापं जास्त चालतात. एका टायरवर २०.५ x ७.० - १३ असं लिहिलेलं असतं. उंची साडेवीस इंच, रुंदी सात इंच, रिम तेरा इंची. दुसरा १८ x ६ - १०. उंची अठरा, रुंदी सहा, रिम दहा इंची.

पहिला चाकाचा एक फेरा सुमारे १६३६ मिलिमीटर जातो, दुसरा १४३६. म्हणजे इंजिन तेवढंच फिरलं तरी लहान चाकाची गाडी १२ टक्के कमी पुढं जाते. पण जमिनीला मिळणारा जोर जवळजवळ १४ टक्के जास्त असतो. ट्रॅक्टर एक गिअर खाली टाकल्यावर जसा ओढतो, तसंच.

आता कुणी म्हणेल, मग लहानच लावा. थांबा. जोर तर चेन स्प्रॉकेट बदलूनही मिळतो. साडेवीस इंची चाकाला मागं ४१ दात्यांचं स्प्रॉकेट लावा किंवा अठरा इंचीला ३६ दात्यांचं, ओढ अगदी सारखीच येते. तेव्हा फक्त जोरासाठी चाक बदलू नये.

लहान चाकाचा खरा फायदा वजनात आहे. चाकाचं वजन दोनदा खातं. एकदा ते पुढं न्यावं लागतं आणि वर पुन्हा गरगर फिरवावं लागतं. ज्यांनी शर्यतीचा छकडा बघितलाय त्यांना सांगायला नको. ऊस वाहायच्या टायरगाडीची चाकं कुणी त्याला लावत नाही. शिवाय बाकी सगळं तसंच ठेवलं तर अठरा इंची चाकावर गाडी ३२ मिलिमीटर खाली बसते. वळणात ती कमी कलते.

आणि तोटा तोच, जो या पोरांना भोवला. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. त्यातून रिमेच्या पत्र्याची जाडी वजा करा. आत डिस्क, तिच्यावर चढलेलं कॅलिपर, बेअरिंगचं घर, सस्पेन्शनचे सांधे, सगळं मावायला हवं. मोटारसायकलची मागची २३० मिलिमीटरची डिस्क नुसती आत जाते, पण कॅलिपरला जागाच उरत नाही. मग लहान डिस्क घ्या, सगळं नव्यानं टर्नरकडून कातून घ्या. पोरांनी रिमेचा भाव बघितला, आतली जागा मोजली नाही. आधी पुठ्ठ्यावर रिमेचा गोल काढून त्यात डिस्क आणि कॅलिपर कापून ठेवलं असतं, तर दहा रुपयांत कळलं असतं.

रुंदीचंही सांगतो, कारण पोरांना रुंद टायरचा फार सोस. शर्यतीचं रबर तापलं की चिकटतं. गाडी हलकी आणि टायर फार रुंद असला तर ते तापतच नाही, थंड टायर घसरतो. आणि टायर रुंद तशी रिमही त्या मापाची लागते. अरुंद रिमेवर रुंद टायर चढवला की बाजू फुगतात आणि वळणात गाडी डुलते. रिम बाहेर काढून लावली तर दिसायला रुबाब येतो, पण स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंगवर भार येतो.

पावसाचे टायर वेगळे न्यावे लागतात, त्यांची नक्षी किमान २.४ मिलिमीटर खोल लागते. वर्गणी काढताना हे धरावं.

आता आपल्या घरच्या गाड्यांकडं येतो, कारण हीच चूक आपण रोज करतो. जुन्या अल्टोच्या टायरवर १४५/८० आर १२ असं असतं. १४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६, आणि १२ इंची रिम. पूर्ण उंची ५३७ मिलिमीटर होते. कुणी रुबाबासाठी १५५/८० आर १३ चढवला तर उंची ५७८ होते. मीटर ६० दाखवत असेल तेव्हा गाडी खरी ६४-६५ ने पळत असते. चढाला ओढ कमी पडते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतो. माझ्या जुन्या जीपला मी हे करून बसलोय. दोन महिन्यांत आतला रबर सोलून निघाला, घरच्यांचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच जपावं. त्यात पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त पळतील असा गिअरचा हिशोब कंपनीनं बांधलेला असतो. फक्त मागचे टायर मोठे घातले की पुढचं आणि मागचं एकमेकांशी ओढाताण करतं, टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. बदलायचेच असतील तर आधी मॅन्युअलमधली जोडी बघा.

पोरांचं काय झालं? दोन वाटा होत्या. लहान डिस्क घेऊन चारही चाकांचं आतलं काम नव्यानं करायचं, नाहीतर दहा इंची रिमा विकून तेरा इंची घ्यायच्या. तेरा इंचीत त्यांचे आहेत तेच ब्रेक बसतात, म्हणून यंदा तेरा इंची ठरलंय. मागचं स्प्रॉकेट ३६ दात्यांचं आणून ठेवलं होतं, तेही आता ४१ चं घ्यावं लागणार. दहा इंची रिमांना अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. त्या मुलाच्या घरी कडब्याच्या गंजीशेजारी पोत्यात बांधून ठेवल्या आहेत.