पावसाळ्यात परसबाग पिवळी का पडते?

जूनच्या मध्यावर पहिला पाऊस येतो आणि घराघरांत खुरपी, कुंड्या बाहेर निघतात. मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपे हौसेने लावली जातात. जुलै संपता संपता मात्र पाने पिवळी पडतात, रोपे माना टाकतात. रोप तहानले असेल असे समजून गृहिणी आणखी पाणी घालते आणि उरलेसुरले रोपही हातचे जाते. भाज्या महागलेल्या असताना घरची बाग अशी रिकामी व्हावी, याची हळहळ वाटते.

नवा रायपुरसारख्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड थाटणाऱ्यांना हा अनुभव सहज येऊ शकतो. रायपुर परिसरात वर्षाला सरासरी १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. मुळांनाही हवा लागते. माती सतत पाण्याने भरलेली राहिली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळे कुजतात आणि पाण्यात उभे असलेले रोपही सुकते.

आधी माती ओळखा

छत्तीसगडचा शेतकरी मातीची चार नावे सांगतो. भाटा म्हणजे लालसर मुरमाड जमीन. तिच्यात पाणी टिकत नाही. मटासी पिवळसर, कन्हार काळी व चिकण, तर डोरसा या दोहोंच्या मधली. आपल्या अंगणात कोणती आहे हे पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर निचरा वाईट आहे असे समजा. तिथे सपाट वाफे नकोत. तीन फूट रुंद आणि सहा ते नऊ इंच उंच गादीवाफे करा, मधून पाणी वाहून जायला चर ठेवा. मुरमाड जमिनीत मात्र भरपूर शेणखत मिसळा.

बाडीची शिकवण

इथल्या खेड्यांत घरामागच्या परसाला 'बाडी' म्हणतात. राज्य सरकारच्या 'नरवा, गरुवा, घुरवा, बाडी' या योजनेत ओढा, गुरे व खतखड्ड्याबरोबर बाडीलाही स्थान मिळाले होते. बाडीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दोडका, कारले, काकडीचे वेल मांडवावर चढवावेत, म्हणजे फळे चिखलात सडत नाहीत. सांडपाण्याच्या ओलसर कोपऱ्यात कोचई, म्हणजे आपले अळू, लावावे. उंचवट्यावर कडेला मुनगा, म्हणजे शेवगा. जिथे पाणी साचते तिथे त्याला साजेशी भाजी लावली, की निम्मे काम झाले.

ऋतूप्रमाणे कामे

पावसाळा: भेंडी, चवळी, अंबाडी, लाल माठ लावा. कुंड्या विटांवर ठेवा आणि तळाची भोके मोकळी आहेत ना, ते पाहा. कुंडीखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासा. डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी गाळून उघडीप पाहून फवारा.

हिवाळा: पाऊस ओसरताच माती भुसभुशीत करून शेणखत घाला. ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरा. टोमॅटो व कोबीची रोपेही आताच लावा. पावसाळ्यात गेलेल्या टोमॅटोची हौस या दिवसांत पुरी होते.

उन्हाळा: मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो. मुळांशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन द्या, पाणी सकाळी लवकर घाला आणि कोवळ्या रोपांवर जुन्या साडीची सावली करा. याच दिवसांत गादीवाफे आणि चर तयार ठेवा. पहिली सर आल्यावर फावडे शोधत बसलात, तर उशीर झालेला असतो.

आणि येत्या जुलैत पान पिवळे दिसले, तर आधी बोट मातीत खुपसून पाहा. माती ओली लागली तर झारी खाली ठेवा आणि चर मोकळा करा.