शनिवार तेल्यांची मायभूमी

१७ सप्टेंबर ही तारीख नांदेड-लातूरकडील वाचकाला निजामी राजवटीच्या अखेरीची म्हणून ठाऊक असते. १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला भारत सरकारने इस्रायल या नव्या राष्ट्राला मान्यता दिली. तारखांचा हा मेळ योगायोगाचा असला, तरी त्या राष्ट्राकडे डोळे लावून बसलेल्यांत मराठी मातृभाषा असलेला एक ज्यू समाजही होता, ही गोष्ट मराठवाड्यात फारशी परिचित नाही. हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायल, अर्थात इस्रायलची लेकरे.

समाजाच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यालगत एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचाच पुढे वंशविस्तार झाला. या कथेला समकालीन लेखी पुरावा नाही. तरीही समाजाची आत्मओळख तिच्यावरच उभी आहे. तेलाचे घाणे चालवणारी ही कुटुंबे शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती पाळत आणि त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे त्यांच्या गावांचीच होत. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, पण सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि एकेश्वरत्वाची घोषणा करणारी ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. सणांनाही इथलीच नावे मिळाली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोक करण्याचा उपवास कोकणात ‘बिरड्याचा रोजा’ झाला, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडला जाई. हरवलेल्या मायभूमीची आठवण अशा रीतीने कोकणी स्वयंपाकघरातून जपली गेली, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

अठराव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबईत आली. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये तेथे पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर उभारले. समाज त्याला ‘मशीद’च म्हणे. छापखान्याने या समाजाला मराठीतून धर्मग्रंथ दिले. मिसर देशातील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची कथा सांगणारा ‘हग्गादा’ वल्हांडण सणाच्या रात्री वाचला जातो आणि जेरुसलेमला परतण्याच्या आशेने त्याची सांगता होते. त्याची सचित्र मराठी आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात निघाली. पुढे बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

युरोपात मात्र या आशेला वेगळे वळण लागले होते. तेथे ज्यूंवर शतकानुशतके बहिष्कार, हद्दपारी आणि कत्तली ओढवल्या होत्या, आणि म्हणूनच थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये बासेल येथे पहिली झायोनवादी परिषद भरवली. झायोनवाद म्हणजे ज्यूंसाठी राष्ट्रीय मायभूमी मागणारी राजकीय चळवळ. बेने इस्रायलांनाही बोलावणे गेले होते, पण परतणे ईश्वराच्या हातून घडायचे आहे, अशी भूमिका घेऊन त्यांनी ते नाकारले. या उत्तरामागे धर्मश्रद्धा होती हे खरेच, पण ज्या भूमीत छळ झाला नाही, ती सोडण्याची घाई कोणाला कशी असणार, हेही तितकेच खरे आहे.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर मात्र सुमारे वीस हजारांच्या या समाजातील बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने तिकडे निघून गेली. श्रद्धा, स्वतंत्र भारतातील भवितव्याची अनिश्चितता, नोकऱ्यांची चिंता आणि आधी गेलेल्या नातलगांची ओढ अशी अनेक कारणे त्यामागे होती. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद ही त्यांची नवी गावे झाली, परंतु स्वागत सर्वत्र मोकळ्या मनाने झाले नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी काहींनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले आणि काही जण भारतात परतलेही. त्याहून मोठा घाव १९६२ मध्ये बसला: त्यांच्या विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश तेथील सर्वोच्च धर्मपीठाने काढला. ज्या भूमीसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, तिथेच ज्यूपणाचा पुरावा मागितला गेला. जेरुसलेममध्ये आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याची ग्वाही दिल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

या समाजाने तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. भारतात आज सर्व ज्यू मिळून जेमतेम काही हजार उरले असून त्यांतील बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात राहतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यांचे मराठी हग्गादा आणि कीर्तने मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य प्रवाहात अजून नीट आलेली नाहीत. कोकण-मुंबईच्या अभ्यासकांवरच हे काम न सोपवता नांदेड-लातूरच्या मराठी व इतिहास विभागांतील संशोधकांनीही ते हाती घ्यावे.