मुलाचे वजन का अडते?



खत दिले, पाणी दिले, तरी ऊस पोसत नाही, अशी तक्रार घेऊन शेतकरी आमच्याकडे येतात. आम्ही लगेच खताचे पोते वाढवायला सांगत नाही. आधी सरीत पाणी साचते का, खोडकीड आहे का, बेणे कसले होते, ते बघतो. लहान मुलाच्या वजनाचेही तसेच आहे. आहार चालू असून वजन अडले, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

जव्हार-मोखाड्याचे उदाहरण घ्या. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषण व आजाराने अनेक मुले दगावली. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पुढे अंगणवाडीच्या आहाराला जोर आला. 2015 साली अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण सुरू झाले. तरी 2016 साली मोखाड्यातील बालमृत्यूंची बातमी आलीच. मग अडतं कुठं?

पहिले कारण आजार. ताप, जुलाब, खोकला आला की भूक मरते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. महिनाभर कमावलेले वजन आठवड्यात जाते.

दुसरे, पोट लहान. नागलीच्या पातळ पेजेने पोट भरते, पण ताकद थोडी मिळते. अशा मुलाला दिवसातून 5-6 वेळा थोडे थोडे, घट्ट आणि तेल घातलेले अन्न लागते. आई दिवसभर मजुरीला गेली, तर भरवणार कोण?

तिसरे, स्थलांतर. भात निघाले, दिवाळी झाली की कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मूल जाते, त्याच्या वजनाचा तक्ता मात्र गावच्या अंगणवाडीत राहतो.

चौथे, आईच अशक्त. जन्मताच अडीच किलोपेक्षा कमी भरलेले मूल मागूनच सुरुवात करते.

शिवाय शरीर हिशोबी आहे. आवक घटली की ते खर्च आवरते. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा येथे 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले होते. त्यांच्या शरीराने खर्च कमी केला आणि वजन उतरणे मंदावत गेले. वजन उतरवण्यासाठी जेवण कमी करणाऱ्यांचा काटा काही आठवड्यांनी अडतो, त्यामागेही हेच आहे. मूल मात्र आधी आपली वाढच थांबवते, खेळणे सोडते. आपण म्हणतो, पोरगं किती शांत आहे!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा राहिला, तर ती सूज आहे, बाळसे नव्हे. अशा मुलाचे वजन उपचार सुरू झाल्यावर आधी उतरते, कारण सूज ओसरते. तेव्हा घाबरून दवाखाना सोडू नये. फार खंगलेल्या मुलाला घरी एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे. दवाखान्यात थोड्यापासून सुरुवात करतात. पुढे भूक परतल्यावर 7 किलोच्या मुलाचे वजन रोज 70 ग्रॅमने वाढले तर प्रगती चांगली, 35 च्या आत राहिले तर पुन्हा कारण शोधायचे.

हे सारे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. वीटभट्टीवर जे घडते, तेच आपल्या फडावरच्या कोपीतही घडते. गळीत हंगामात तोडणीची टोळी येते, सोबत कच्चीबच्चीही येतात. अंगणवाडीचा लाभ बाहेरगावच्या मुलालाही मिळतो. तेव्हा टोळी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात मुकादमाला सांगून प्रत्येक मुलाचे वजन अंगणवाडीत करून घ्यावे, पुढे दर महिन्याला करावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, सूज दिसली किंवा मुलाने खाणे टाकले, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. फडावर प्यायचे पाणी स्वच्छ ठेवावे आणि लेकुरवाळीला दुपारी मुलाकडे जाऊ द्यावे.

उसाच्या मोळीचे वजन आपण काटेकोर बघतो. मोळी बांधणारणीच्या लेकराचेही बघावे, अशी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी