अंगावरून जाते, म्हणजे काय?

मराठी घरात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. मम्मटाने काव्यप्रकाशात अश्लील या दोषाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले आहेत. लोकव्यवहारातील सौम्य शब्दही बहुधा याच तीन कारणांनी जन्मास येतात. काव्यशास्त्रातील हा भेद वैद्याने चिकित्सालयात जवळ बाळगावा असा आहे.

अमंगलाचे उदाहरण प्रथम घेऊ. गावाकडील वृद्ध शेतकरी ‘पान लागले’ म्हणतो, तेव्हा तो सर्पदंशाविषयी सांगत असतो. सापाचे नाव घेऊ नये, म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणावयाचे. शहरात वाढलेल्या नवपदवीधर वैद्यास हे ठाऊक नसेल, तर मोलाचा वेळ जातो. मसूरिकेला लोकांनी ‘देवी’ म्हटले आणि भावप्रकाशात ‘शीतला’ हे नाव आले. सर्वांगाचा दाह करणारी व्याधी, आणि नाव शीतला! १९७५ नंतर हा रोग भारतातून गेला, शब्द मात्र राहिला.

व्रीडेचे प्रकरण अधिक कठीण आहे, आणि येथे मला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी साठीकडे झुकलेल्या एक बाई सुनेसह आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, “अंगावरून जातंय.” मी श्वेतप्रदर समजलो. पुष्यानुग चूर्ण तांदळाच्या धुवणाबरोबर दिले, पथ्य सांगितले. पुढच्या दोन्ही खेपेस “कसे आहे?” एवढेच विचारले, आणि त्यांनी “तसंच आहे” एवढेच सांगितले. दोन महिन्यांनी सूनच संकोचत म्हणाली, “लाल जातंय हो.” पाळी जाऊन सहा वर्षे झालेल्या स्त्रीस रक्तस्राव! त्याच दिवशी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तपासणीत गर्भाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, त्या वाचल्या. परंतु दोन महिने गेले ते माझ्यामुळे. ‘अंगावरून जाणे’ हा शब्दप्रयोग पांढऱ्यासाठीही आहे आणि तांबड्यासाठीही, हे मला लहानपणापासून माहीत होते. वाग्भटाने दर्शन आणि स्पर्शन यांच्या जोडीला प्रश्न ठेवला आहे. मी तो विचारलाच नाही. खरे सांगायचे तर सुनेसमोर विचारण्यास मीही संकोचलो होतो. आता केसपेपरवर प्रथम रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहितो आणि त्याखाली वर्ण, प्रमाण, गंध व काळ. नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवितो.

आपली शास्त्रीय परिभाषाही कधी कधी घोटाळा करते. शास्त्रात अठरा कुष्ठे आहेत आणि त्यांत साधा दद्रूही येतो. पण केसपेपरवर ‘कुष्ठ’ वाचून घर हादरते, म्हणून आपणच ‘त्वचाविकार’ लिहितो. उलट ‘आजोबांना रक्तपिती होती’ असे कोणी सांगितले, तर तेथे आपले रक्तपित्त समजू नये. बोलीत रक्तपिती म्हणजे महारोग. कुलवृत्त घेताना हा फरक मोठा ठरतो.

औषधविक्रेत्यांची अडचण निराळी. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून कामविषयक प्रश्नांवर स्वच्छ मराठीत लिहिले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. तरी आजही दुकानात दुसरे गिऱ्हाईक नाही असे पाहूनच चाळिशीचा गृहस्थ ‘ताकदीचे काहीतरी’ मागतो. त्याला थकवा असेल, मैथुनातील असमर्थता असेल किंवा नुसती भीती असेल. एकाच शब्दात सारे बसते. त्यामागे मधुमेह असणेही दुर्मीळ नाही. बाटली पुढे सरकविण्यापूर्वी “रक्तातली साखर कधी तपासली होती?” हा प्रश्न दुकानदारास सहज विचारता येतो, आणि त्यात गिऱ्हाइकाला लाजण्यासारखेही काही नाही.