शेजारी, संवाद आणि सत्ता

मुसलमानांशी धर्मसंवाद करावा की नाही, यावर ख्रिस्ती समाजात कधीच एकमत नव्हते. गेल्या काही वर्षांत या जुन्या वादात दुसरा मिसळला आहे: हिंदुत्ववादी राजकारणाशी कसे वागायचे. मुसलमानांपासून अंतर राखले तर सत्ता आपल्याला सांभाळून घेईल, असे एका गटाला वाटते. आज त्यांच्यावर आले ते उद्या आपल्यावर येणारच, असे दुसऱ्याचे म्हणणे. मुंबईत या प्रश्नाला संख्येमुळे वेगळे वळण मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार शहरात मुसलमान २० टक्क्यांच्या थोडे वर आहेत, तर ख्रिस्ती ३ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या लहान समाजाला स्वतःच्या बळावर निवडणुकीत दबाव आणता येत नाही. कुणाच्या तरी शेजारी उभे राहावेच लागते.

वादाचे पहिले पर्व गिरगावातले आहे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली. आंब्रोळीच्या नावाने ओळखली गेलेली ही शाळा म्हणजेच पुढचे विल्सन कॉलेज. हिंदू पंडित मोरभट दांडेकरांशी त्यांचा झालेला वाद मराठी वाचकांना माहीत असतो. इस्फहानच्या हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी १८३० च्या दशकात झालेली त्यांची लेखी खडाजंगी मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. हाजींनी इस्लामच्या बचावासाठी पुस्तिका लिहिली, विल्सन यांनी तिला छापील उत्तर दिले. हेतू उघड होता, समोरच्याला हरवण्याचा. पण हरवण्यासाठी का होईना, विल्सन फारसी आणि अरबी शिकले, समोरच्याचे ग्रंथ त्यांनी वाचले. आजच्या पुष्कळशा सर्वधर्म सभांत, जिथे पाच धर्मांचे पाच प्रतिनिधी दिवा लावून निघून जातात, तेवढाही अभ्यास दिसत नाही.

कॅथलिकांच्या बाजूने मोठा बदल झाला तो १९६४-६५ मध्ये, आणि त्यातही मुंबईचा वाटा आहे. १९६४ मध्ये २५ ते २८ नोव्हेंबरला शहरात ख्रिस्ती प्रकटीकरण आणि जगातले इतर धर्म या विषयावर एक परिसंवाद झाला. हान्स क्युंग आणि रायमोन पणिक्कर यांच्यासारखे धर्मपंडित त्याला आले होते. लगोलग आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली, आणि तिच्यासाठी आलेल्या पोप सहाव्या पॉल यांनी ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींची भेट घेऊन भाषणात उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला. पुढच्या वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केले. एका ईश्वराची उपासना करणाऱ्या मुसलमानांकडे चर्च आदराने पाहते, आणि मागची भांडणे विसरून दोघांनी समाजाच्या भल्यासाठी एकत्र काम करावे, असा त्याचा आशय.

ती ८८ मते विरून गेली नाहीत. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी परिषदेनंतरच्या बदलांविरुद्ध १९७० मध्ये वेगळा धर्मगुरुसंघ काढला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यिब यांनी अबू धाबीत बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तेव्हा धर्मांची विविधता ईश्वराच्या इच्छेतली आहे या वाक्यावर काही बिशपांनी जाहीर हरकत घेतली. प्रॉटेस्टंटांतही अशीच फूट आहे. जागतिक चर्च परिषदेत १९७० च्या दशकात संवादाचे काम उभे करणारे स्टॅन्ली समार्था कर्नाटकातले होते. सुवार्तिक मंडळ्यांना मात्र साक्ष देणे सोडून केलेला संवाद म्हणजे अर्धवट निष्ठा वाटते. हैदराबादच्या हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूटचा प्रवास या ओढाताणीचाच आहे. १९३० मध्ये लाहोरला ती सुरू झाली ती मुसलमानांत धर्मप्रचार करणारे तयार करण्यासाठी. आज ती सलोख्याच्या कामासाठी ओळखली जाते.

मुंबईच्या गल्ल्यांत यातले बरेचसे पोहोचलेच नाही. दादरच्या पलीकडे माहीमला बुधवारी सेंट मायकल चर्चमध्ये नव्हेनाच्या प्रार्थनेसाठी हिंदू आणि मुसलमानही रांगेत असतात. जवळच मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात, आणि उरुसाला मुंबई पोलिसांकडून चादर चढते. हा संवाद नाही, श्रद्धेची देवाणघेवाण आहे, आणि दंगलीत तिचा फारसा उपयोग होत नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या हिंसाचारात श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली, त्यांपैकी ५७५ मुसलमान. त्यानंतर उभ्या राहिलेल्या मोहल्ला कमिटीच्या कामात सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्याबरोबर माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो होते. ईश्वर एक की त्रिएक, असले प्रश्न तिथे निघाले नाहीत. अफवा कशी थांबवायची, मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची, पोलीस चौकीत कुणाचे ऐकले जाते, यावर बोलणे होई. संवादाच्या विरोधकांना या कामात बोट ठेवायला जागा सापडत नाही, हे त्याचे खरे यश. त्याच रिबेरो यांनी २०१५ मध्ये, चर्चवरील हल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर, ख्रिस्ती म्हणून आपल्याला या देशात परके वाटू लागल्याचे लिहिले.

उजवे राजकारण मुंबईत दुरून आलेले नाही. शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर झाला. तेव्हा रोख दक्षिण भारतीयांवर होता, मुसलमानांवर तो नंतर वळला. खोताची वाडी किंवा माझगावच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरची बोली मराठीच, त्यामुळे भूमिपुत्रांची भाषा त्यांना परकी नव्हती. गिरगाव-लालबागमध्ये रुग्णवाहिका हवी असेल किंवा नळाला पाणी नसेल तर माणूस धर्म न बघता शिवसेनेच्या शाखेत जातो. अशा ठिकाणी उजव्यांशी संबंध ठेवावा का, हा प्रश्न कागदावर वाटतो तितका सरळ राहत नाही.

वादाला धार चढली ती केरळातून. तिथे ख्रिस्ती १८ टक्के आणि मुसलमान २६ टक्क्यांहून अधिक. शिक्षणसंस्था, जमीन, आखाती देशांतला पैसा यांवरून चुरस जुनी आहे. जानेवारी २०२० मध्ये सिरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने ‘लव्ह जिहाद’चा मुद्दा उचलला. सप्टेंबर २०२१ मध्ये पालाच्या बिशपांनी ‘नार्कोटिक जिहाद’चा आरोप केला आणि चर्चमधूनच त्यांना विरोध झाला. २०२५ मध्ये मुनंबमच्या ख्रिस्ती मच्छीमार कुटुंबांच्या जमिनीवर वक्फचा दावा असल्याने भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने वक्फ दुरुस्तीला अनुकूल भूमिका घेतली. कुटुंबांची तक्रार खरी होती. पण कायदा मंजूर होताच संघपरिवारातल्या ‘ऑर्गनायझर’च्या संकेतस्थळावर कॅथलिक चर्चच्या जमिनींवर लेख झळकला आणि टीका झाल्यावर काढला गेला. त्याच वर्षी जुलैत छत्तीसगडमधील दुर्गला दोन नन्सना अटक झाली. अंतर राखण्याच्या धोरणाचा हिशेब इथे चुकताना दिसतो.

मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांचा कल सरकारशी बोलत राहण्याकडे होता. डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या नाताळ समारंभात ते सामील झाले. त्यानंतर देशभरातल्या हजारो ख्रिस्तींनी सह्यांचे निवेदन काढले: मणिपूर जळत असताना हे आमच्या नावाने नको. त्याआधी एप्रिलमध्ये आझाद मैदानावर ख्रिस्ती संघटनांनी हल्ल्यांविरुद्ध निदर्शने केली होती. ग्रेशियस यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शाळा, रुग्णालये, परदेशी देणग्यांचे परवाने यांचा भार वाहणाऱ्या माणसाला सरकारशी अबोला परवडत नाही. टीकाकारांचा आक्षेप भेटीला नव्हता, भेटीत काय बोलले गेले नाही, याला होता.

मराठी ख्रिस्तींपैकी अनेकांना या दोन्ही वादांपेक्षा जवळचा वाटतो तो १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातींच्या यादीत आधी फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये त्यांना घेण्याची शिफारस केली, याच प्रश्नावर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. ही मागणी दोन्ही समाजांची सारखीच आहे, आणि तिला सर्वात ठाम विरोध हिंदुत्ववादी संघटनांचा आहे. मुसलमानांना सोडून ही लढाई लढता येईल असे मानणाऱ्या ख्रिस्ती नेत्यांनी, ती कशी लढायची, हे अद्याप सांगितलेले नाही.