मोबाईलवरचे कॉलेज आणि आपली मुले

“पोरगी सारखी मोबाईलमध्ये डोके घालून बसते,” अशी तक्रार आपल्या वस्तीत घरोघरी ऐकू येते. पण ती पोरगी बी.ए.चा तास ऐकत असेल तर?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. विद्यापीठांचे वर्ग बंद पडले आणि शिक्षण मोबाईलवर आले. पुढे वर्ग उघडले, तरी ऑनलाइन शिक्षण टिकून राहिले. आज अनेक विद्यापीठे संपूर्ण पदवीच ऑनलाइन देतात. कष्टकरी आईबापांनी त्यावर कितपत भरवसा ठेवावा?

नोकरी सांभाळून शिकणे आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदार तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि कामगारांना, गृहिणींना घरी राहून पदवी घेण्याची वाट मिळाली. ऑनलाइन शिक्षण हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

मात्र एक फरक आहे. सकाळच्या वर्गात समोर प्राध्यापक असत, शेजारी सोबती असे. मोबाईलपुढे विद्यार्थी एकटा असतो. या एकटेपणाचा फटका कोणाला बसतो? बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील संशोधकांनी २०१३ साली वॉशिंग्टन राज्यातील चाळीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. समोरासमोरच्या वर्गाच्या तुलनेत ऑनलाइन वर्गात सर्वच गटांतील विद्यार्थी मागे पडले. पण कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त मागे पडले. म्हणजे आधीची दरी आणखी रुंदावली.

आपल्याकडे तर साधनांपासूनच अडचण आहे. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत इंटरनेटची सोय शहरांत शंभरातील ४२ घरांत, तर खेड्यांत फक्त १५ घरांत आढळली. संगणक खेड्यांतील शंभरात जेमतेम चार घरांत होता. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले. पण एका खोलीत पाच माणसे, एक मोबाईल आणि शेजारी टी.व्ही. चालू असेल, तर तास कानावर पडतो, डोक्यात शिरत नाही. अशा वेळी मुलाला ‘ढ’ म्हणणे हा अन्याय आहे.

मग करावे काय? फी भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाचे आणि त्या अभ्यासक्रमाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, ते पाहावे. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांची पदवी ऑनलाइन देता येत नाही. तसे आमिष कोणी दाखवले तर फसू नये.

घरात रोज दोन तास टी.व्ही. बंद ठेवावा. त्या वेळेत मुलीला भांडी-पाणी सांगू नये. नुसते ऐकून भागत नाही, वही घेऊन लिहावे आणि शंका प्राध्यापकांना विचारावी.

आणि विहार आहेच! संध्याकाळी वंदना झाल्यावर तेथे दिवा, पंखा आणि सतरंजी मोकळी असते. वस्तीतील चार-पाच विद्यार्थ्यांनी एकत्र बसून तास ऐकावा, न समजलेले एकमेकांना समजावून सांगावे. एखाद्या शिकलेल्या दादाने किंवा ताईने आठवड्यातून एक दिवस तेथे यावे. ‘शिका’ आणि ‘संघटित व्हा’ हे दोन्ही आदेश आपल्याला मिळाले आहेत. मोबाईलवरच्या शिक्षणात तर एकाला दुसऱ्यावाचून गत्यंतर नाही.